मोहटोल्यात बारीने फिरलेली डबी

पोलीस ठाणे सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा
दिनांक २१ जानेवारी २०२६

जबाब

माझे नाव साधना नामदेव कापगते, वय ४४ वर्षे, व्यवसाय खाजगी नोकरी, राहणार तुमसर, बसस्थानकामागे, भाड्याची खोली. मूळची लाखांदूर तालुक्यातील. तेथील घर सध्या बंद आहे.

मी आज आपण होऊन ठाण्यात आले आहे. मला जे विचारण्यात आले ते, आणि जे विचारले नाही पण सांगणे मला जरुरीचे वाटते तेही, माझ्या माहितीप्रमाणे खरे सांगते ते असे की,

मी नागपूर येथील एका खाजगी कंपनीत क्षेत्र समन्वयक आहे. नागपूरच्या एका धर्मादाय रुग्णालयाने 'घरभेट' नावाची सेवा सुरू केली आहे. तिच्यात रुग्ण आपल्या घरी बसून मोबाईलवर डॉक्टरांशी बोलतो. डॉक्टर त्याला दिसतात, तो डॉक्टरांना दिसतो. ही सेवा रुग्णालयातल्या संगणकावर चालत नाही. ती इंटरनेटवर, दूर कुठेतरी ठेवलेल्या मोठ्या संगणकांवर चालते, त्याला क्लाउड म्हणतात. रुग्णालयाच्या बाजूने पाहिले तर ती कायम चालू दिसते. गावातल्या माणसाच्या हातातल्या मोबाईलवर ती कशी चालते, ते तिकडून दिसत नाही. ते मोजण्याचे काम आमच्या कंपनीकडे आहे.

त्यासाठी आम्ही गावोगाव एक डबी लावतो. साबणाच्या डबीएवढी, वर बोटभर अँटेना, पुढे एक दिवा, आत सिमकार्ड आणि लाईन गेली तर थोडा वेळ पुरेल अशी बॅटरी. ही डबी रुग्णासारखी वागते. थोड्या थोड्या वेळाने ती आपली आपणच 'घरभेट' उघडते, डॉक्टरांना बोलावल्यासारखे करते, चित्र यायला किती उशीर झाला, मध्येच अडकले का, आवाज तुटला का, हे मोजते आणि नागपूरला कळवते. तिथे पडद्यावर गावाच्या नावासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग येतो. डबी कोणाचे बोलणे ऐकत नाही, कोणाचा फोटो काढत नाही.

डबी कोणालाही इंटरनेट देत नाही.

हे वाक्य वेगळ्या ओळीवर लिहावे, अशी मी हवालदार मॅडमना विनंती केली आहे, कारण पुढचे सगळे त्यावरून घडले आहे.

मौजा मोहटोला येथे ही डबी मी दिवाळीनंतर लावली. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात, मीटरच्या बाजूला, खिळ्यावर. कंपनीचा नियम आहे की जागा सरकारी असावी, वर छप्पर असावे आणि वीज कायम असावी. जवळ वायफाय असेल तर डबी ते वापरते, नसेल तर सिमकार्डावर जाते. पंचायतीचे वायफाय बरेच महिने बंद होते. ते मी त्याच दिवशी चालू करून घेतले. डबी सांभाळण्याची जबाबदारी म्हणून राखी टेंभरे, वय २३ वर्षे, हिने सही केली. राखी नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून घरी आली होती आणि गावातील म्हाताऱ्या माणसांना 'घरभेट' लावून देण्याचे काम करीत होती.

राखीच्या स्वभावाबद्दल विचारल्यावरून सांगते की, ती तोंडाची फटकळ आहे. डबी लावली त्या दिवशी तिने मला विचारले, "ताई, हे बिघडलं त तुम्ही फोन उचलाल, का तुमचा बी फक्त दिवाच लागून राहीन?" मी उचलीन म्हणाले. माझा नंबर तिने तिथल्या तिथे लावून पाहिला, मी खरा दिला आहे की नाही म्हणून.

त्यानंतर मोहटोल्याचा रंग कायम हिरवा होता. त्याच काळात राखी मला फोनवर सांगत होती की लोकांच्या घरी चित्र अडकते, आवाज तुटतो. मी ते कार्यालयाला कळवले. कार्यालयाने सांगितले की डबीच्या मोजणीत तसे काही दिसत नाही, लोकांचे मोबाईल जुने असतील.

माझी आई लाखांदूर तालुक्यात एकटी राहत होती. तीही हीच सेवा वापरीत होती. तिच्या गावचीही डबी पंचायतीत होती आणि तिचाही रंग हिरवा होता. आई ऑगस्टमध्ये वारली. या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे अधिक सांगत नाही.

नवीन वर्ष लागल्यावर मोहटोल्याची मोजणी एकदम बदलली. डबीची वीज रोज संध्याकाळी तुटायची आणि थोड्या वेळाने परत यायची. वायफाय सुटले. हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल, मग एक दिवस परत पिवळा, परत लाल. डबी कुठे आहे हे पाहिले तर दर दिवशी जागा थोडी सरकलेली. नागपूर येथील आमचे प्रकल्प व्यवस्थापक चंद्रकुमार यांनी राखीला फोन केला. राखीचे उत्तर त्यांनी तक्रारीत जसेच्या तसे लिहिले आहे, ते असे: "डबी गावातच आहे जी, पण आज कोठी आहे ते आबाजीले विचारावं लागन." चंद्रकुमार यांना हे टाळाटाळीचे वाटले. कोणीतरी डबी पळवून तिचे सिमकार्ड वापरीत आहे आणि राखीला ते माहीत आहे, असे समजून त्यांनी कंपनीतर्फे राखीविरुद्ध या ठाण्याला ईमेलवर तक्रार पाठवली. मला त्यांनी विचारले नाही. मी त्या आठवड्यात रजेवर होते. घर बंद करायला गेले होते.

या तक्रारीमुळे राखीचे काय नुकसान होत आहे असे विचारल्यावरून सांगते की, राखीची नागपूरच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून निवड झाली आहे. रुजू होण्यासाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. तिचा अर्ज याच ठाण्यात आहे. हा दाखला या आठवड्यात दिला नाही तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. तिच्या घरातून नोकरीला निघालेली ती पहिली आहे. तक्रार उभी असताना दाखला मिळत नाही, हे मला इथेच समजले.

मी रजेवरून परत आल्यावर तक्रारीचे कळले. त्याच दिवशी मी ठाण्यात आले आणि हवालदार शुभांगी मॅडमबरोबर मोहटोल्याला गेले. पंचायतीच्या व्हरांड्यात खिळा होता, डबी नव्हती. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घनश्याम राहांगडाले, वय सत्तरीच्या आसपास, हे उभे होते. गावच्या तलावाचे पाणी कोणाच्या शेतात केव्हा सोडायचे हे काम त्यांच्याकडे आहे. सगळे गाव त्यांना आबाजी म्हणते. उन्हाळी धानाचे पाणी चालू असल्याने ते कामात होते. तिथे झालेले बोलणे मॅडमनी स्वतः ऐकले आहे, तरी विचारल्यावरून सांगते.

मी म्हणाले, "आबाजी, पंचायतीतली डबी कोठी आहे जी?"

"कुंताबाईकडं," ते म्हणाले. "आज तिची बारी आहे. काहून, तुमाले पायजे का?" मग त्यांनी मॅडमचा गणवेश पाहिला. "पोलिसाले बारी नाही भेटत, बाई. गावात धान पायजे."

मॅडम म्हणाल्या, "आबाजी, चोरीची तक्रार आहे."

"कायची चोरी?"

"त्या डबीची."

"थे त कुंताबाईकडं आहे म्हणून आताच सांगतलं ना तुले."

बारी म्हणजे पाण्याची पाळी. आमच्या भागात तलावाचे पाणी पाळीने मिळते. ते शेवटच्या बांधीपासून सुरू करतात आणि मागे तलावाकडे येत जातात. बांधी म्हणजे धानाचा तुकडा. तलावाला लागून ज्यांच्या बांध्या आहेत त्यांच्यापासून सुरू केले तर टोकाच्या माणसापर्यंत पाणी पोहोचत नाही, म्हणून जुन्या माणसांनी हा रिवाज ठेवला. माझ्या माहेरीही तो आहे.

आबाजींनी सांगितले ते थोडक्यात असे. डबी लागली त्या दिवसापासून पंचायतीच्या ओट्यावर बसले की डॉक्टरीणबाई स्वच्छ दिसू लागल्या. घरी आले की अडकत. ओट्यावर नवीन काय आले, तर ही डबी. तिला अँटेना आहे, दिवा आहे. म्हणजे नेट हिच्यातून येते. "मंग गावाची वस्तू एकट्या पंचायतीनंच कायले प्यावी?" असे ते म्हणाले. म्हणून पाळीवर बसून ठरले की डबी बारीने फिरवायची, एका घरी एक दिवस, पाण्याच्याच क्रमाने, ज्याची बांधी शेवटची त्याच्या घरापासून. रोज संध्याकाळी, पाण्याची बारी बदलते त्याच वेळी, पाळीवर सगळ्यांसमोर ती एका घरून दुसऱ्या घरी द्यायची.

मी विचारले की डबी ओट्यावरून हलवल्यावरही ओट्यावर नेट चांगले चालत होते, मग शंका आली नाही का. आबाजी म्हणाले, "पाट बंद केला तरी बांधीत ओल राहते ना काही दिवस."

मी विचारले, घरी नेल्यावर नेट सुधारले का.

"नव्या पाटाले पानी चढाले वेळ लागते," ते म्हणाले. मग म्हणाले, "कैलाश म्हणे, त्याच्या घरी सुधरलं. पण कैलाशचं काय, त्याचा बैल बी दूध देते."

राखीने विरोध केला होता का, असे मॅडमनी विचारले. आबाजी म्हणाले, "केला ना. पोरगी म्हणे, ताईले विचारल्याबिगर नाही. म्या म्हटलं, डबी गावाच्या बाहीर जाऊन राहिली का? तिची सही आहे, आमची बी जबान आहे. मंग ते चूप बसली." त्यानंतर रोज संध्याकाळी डबी नीट लावून देणे, तिच्यावर धूर बसू नये म्हणून फडके टाकणे, हे राखी करीत होती. गावातील कोणीही हे लपवून केलेले नाही. लपवायचे असते तर रोज पाळीवर माणसे जमवून केले नसते.

तेथून आम्ही कुंताबाई पटले यांच्याकडे गेलो. वय अंदाजे ६८, एकट्या राहतात. त्यांचे घर गावात सर्वात शेवटी, बांबूच्या बेटामागे आहे. त्यांना साखरेचा आजार आहे आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम आहे. बस रस्त्यापर्यंत चालत जाणे त्यांना जमत नाही. जखम डॉक्टरांना दाखवता येत नव्हती, कारण चित्र येत नव्हते. पाय वाचवायचा तर जखम कोणीतरी पाहणे जरुरीचे आहे, हे राखीने मला डिसेंबरातही सांगितले होते.

आम्ही गेलो तेव्हा 'घरभेट' चालूच होती. राखी खाली बसून मोबाईल कुंताबाईंच्या पायाजवळ धरून होती. पडद्यावर डॉक्टरीणबाई हात वर केलेल्या, तोंड अर्धे उघडे, अशा थांबलेल्या होत्या. डबी कुंताबाईंच्या उशाशी, फडक्याखाली होती. कुंताबाईंनी आम्हाला बोटाने चूप राहायला सांगितले. "डॉक्टरीणबाई थांबून गेली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "बसा. आता हालन." आम्ही दाराशीच बसलो. डॉक्टरीणबाई हलल्या नाहीत. थोड्या वेळाने पडदा काळा झाला.

समोरचे चित्र थांबल्यावर माणूस किती वेळ तसाच बसून राहतो, हे मला आधीपासून ठाऊक आहे. ते कसे, हे इथे लिहिण्याचे कारण नाही.

राखीने मान वळवली आणि मॅडमचा गणवेश पाहिला. ती लगेच उठली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "व्हेरिफिकेशनसाठी आल्या ना मॅडम? मी कालपासून वाट पाहून राहिली होती. मोठीमाय, च्या मांडू का तुमच्या चुलीवर?" चहा मांडला गेला. तो पिऊन झाल्यावर मी राखीला तक्रारीचे सांगितले.

राखी रडली का, असे मला विचारले. नाही. तिने कप विसळून पालथे घातले. मग म्हणाली, "ताई, तुम्ही रजेवर होत्या म्हणून मी फोन नाही लावला. तुमच्या घरचं समजलं होतं मले."

मी नंतर सर्वांना, म्हणजे कुंताबाई, राखी आणि मागून आलेले आबाजी यांना सांगितले की डबी नेट देत नाही. पंचायतीच्या ओट्यावर चांगले चालते ते तिथल्या वायफायमुळे. डबी फक्त पाहते आणि नागपूरला सांगते. हे मी लावतानाच गावाला नीट सांगायला पाहिजे होते, तेव्हा मी दोन ओळीत उरकले, हेही मी त्यांना सांगितले.

कुंताबाईंनी फडके काढून डबीकडे पाहिले. "म्हंजे हे नुसती बसून पाहून राहिली होती?"

"हो, मोठीमाय."

"आमची नणंद बी असंच करे. हात नाही लावे कायले, पण पाहे सारं." मग त्या म्हणाल्या, "मंग डॉक्टरीण थांबून जाते, माहा पाय दिसत नाही, हे हिनं पायलं?"

"पायलं."

"अन् नागपूरले सांगतलं?"

"सांगतलं. लाल रंग दाखवला."

"मंग तिकडून कोणी काहून नाही बोललं?"

मी म्हणाले, "तिकडं वाटलं, डबी चोरीला गेली."

कुंताबाई हसायला लागल्या. त्यांना ठसका लागला, राखीने पाठ चोळली. "घ्या," त्या म्हणाल्या. "पंचायतीत बसून बरं आहे बरं आहे म्हणे तोवर शहाणी होती. गरिबाच्या घरी येऊन खरं बोलली, त चोरीचा माल झाली."

तेथूनच मी चंद्रकुमार यांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. त्यांची बाजू म्हणून सांगते की, त्यांचा राखीवर राग नाही. ते म्हणाले, "मॅडम, रोज जागा बदलते, लाईन तुटते, लाल येते. मी इकडून काय समजावं?" मी सर्व सांगितले. मग त्यांनी विचारले, "म्हणजे त्या गावातल्या घराघरातली मोजणी माझ्याकडे आलेली आहे? आपण एका गावाला एकच डबी देतो. घरोघरची मोजणी आपल्याकडे कोणत्याच गावाची नाही." मग म्हणाले, "पण कोणत्या दिवशी कोणाचं घर, हे कसं कळेल? कोणी लिहून ठेवलं का?"

आबाजी म्हणाले, "लिहाचं कायले जी. बारी आहे ते."

त्यांनी पहिल्या बारीपासून एकेक नाव सांगायला सुरुवात केली. मंदाबाईच्या नावाशी कुंताबाईंनी त्यांना अडवले. "मंदाबाईकडं दोन दिवस होती. मधात लाईन गेली होती, म्हणून तिनं भांडून एक दिवस वाढवून घेतला."

"एकच दिवस होती."

"दोन. तुमी तिच्या भांडणाले भेऊन घरी पळाले होते, तुमाले कसं आठवन?"

चंद्रकुमार यांनी तिकडे मोजणी पाहिली. लाईन बराच वेळ गेल्याचा दिवस त्यात होता आणि दुसऱ्या दिवशी जागा बदललेली नव्हती. ते म्हणाले, "बाई बरोबर आहेत. आबाजी, आता थोडं हळू सांगा, लिहून राहिलो." आबाजींनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. ते सांगत असताना राखी दाराबाहेर जाऊन उभी होती. शुभांगी मॅडमही बाहेर गेल्या. त्यांचे बोलणे मी ऐकले नाही.

त्या मोजणीतून दिसले ते असे. तलावाच्या बाजूच्या घरांत सेवा बऱ्यापैकी चालते. मधल्या आळीत चित्र अडकते पण आवाज येतो. बांबूच्या बेटामागच्या घरांत चित्र येतच नाही, आणि चित्राच्या ओढाताणीत आवाजही बुडतो. चंद्रकुमार यांनी हे सर्व रुग्णालयाला पाठवले. रुग्णालयाच्या तांत्रिक माणसांनी सेवेत एक बदल केला. जिथे नेट कमजोर असेल तिथे आता चित्र चालवायचेच नाही. आधी जखमेचा एक साधा फोटो जाऊ द्यायचा, तो पोहोचला की नुसता आवाज जोडायचा.

काल दुपारी तसे करून पाहिले. मी तिथे हजर होते. राखीने अंगठ्याचा फोटो पाठवला. तो जायला वेळ लागला, पण गेला. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला आणि शेवटपर्यंत तुटला नाही. त्यांनी जखम आतून भरत असल्याचे सांगितले, पट्टी कशी बदलायची ते राखीला समजावले, एक गोळी बदलली, आणि पाय पाण्यात घालून बांधीत उतरल्याबद्दल कुंताबाईंना रागावल्या. कुंताबाई सगळे ऐकून घेत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "आज दिसली नाही, पण पुरी आली." पुढच्या आठवड्यात परत बोलायचे ठरले आहे. तेव्हा राखी नसेल तर पट्टी कोण करील, असे मी विचारले. कुंताबाई म्हणाल्या, "बाजूच्या रुखमिणीले शिकवून राहिली आहे ते. तू तिच्या कागदाचं पाह, माह्या पायाचं नको पाहू."

सर्व ठीक झाले असे माझे म्हणणे नाही. बेटामागच्या काही घरांत आवाजही पोहोचत नाही. टॉवरबाबत कंपनीच्या हातात काही नाही. परंतु त्या घरांचा रंग कोणता आहे, हे आता नागपूरला ठाऊक आहे. लाखांदूर तालुक्यातील डब्याही पंचायतीतून काढून घराघरात फिरवाव्यात, असे मी काल कार्यालयाला लिहून दिले आहे. चंद्रकुमार यांनी त्यावर उत्तर दिले की कोणत्या गावापासून सुरुवात करायची ते मी ठरवावे. मी गावाचे नाव कळवले आहे.

डबी सध्या कोठे आहे असे विचारल्यावरून सांगते की, गावात. ती नेट देत नाही हे कळल्यावर बारी थांबेल असे मला वाटले होते. परंतु ज्यांची बारी राहिली होती त्यांनी ती सोडली नाही. रुखमिणीबाई मला म्हणाल्या, "नेट नाही देत त नको देऊ. आमच्या घरी कसं चालते ते बी त कोणाले समजू द्या." आज डबी त्यांच्याकडे आहे. ती पंचनाम्यासाठी जमा करायचीच असेल तर मी स्वतः आणून देईन, फक्त त्यांचा दिवस पुरा होऊ द्यावा. डबीतील सिमकार्ड मी तपासले आहे. ते मोजणीखेरीज कशासाठीही वापरलेले नाही.

कंपनीकडून तक्रार मागे घेतल्याचे पत्र आले आहे का, असे विचारले. चंद्रकुमार यांनी ते तयार केले आहे, वरिष्ठांच्या सहीसाठी थांबले आहे. वरिष्ठ बाहेरगावी आहेत. राखीच्या दाखल्याला तेवढा वेळ नाही. म्हणून मी पत्राची वाट न पाहता हा जबाब देत आहे. मोहटोला येथील डबीचे काम कंपनीत माझ्या नावावर आहे. ती डबी चोरीला गेलेली नाही, हरवलेली नाही, तिचा गैरवापर झालेला नाही. राखी टेंभरे हिने कोणताही गुन्हा केलेला नाही. मला न विचारता डबी खिळ्यावरून काढली, एवढेच तिने केले, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उद्या कंपनीने वेगळे काही सांगितले तरी माझे सांगणे हेच राहील, आणि कोर्टात बोलावले तर तिथेही मी हेच सांगेन. या जबाबाची एक प्रत राखीच्या पडताळणीच्या अर्जाला जोडावी, अशी माझी विनंती आहे.

माझ्यावर कोणी दबाव आणला का, असे शेवटी विचारले. नाही.

हा जबाब हवालदार शुभांगी मॅडमनी मी सांगितला तसा लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. राखी बाहेर बाकावर बसली होती. वाचायला लागण्याआधी मॅडमनी उठून दार उघडे केले आणि परत बसून, खोलीत माझ्याशिवाय कोणी नसताना, मोठ्या आवाजात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तो बरोबर आहे. त्यात काही वाढवायचे नाही, काही काढायचे नाही.

सही
साधना नामदेव कापगते

समक्ष
शुभांगी, महिला पोलीस हवालदार